सव्वानऊचा फोन

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात राहतात लिफ्टमामा. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या आणि रोज संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून बावन्न पायऱ्या चढून घरी आले. यावरून त्यांची थट्टा करायचं कुणी सोडलं नाही. ते म्हणायचे, "म्हणून तर गुडघे शाबूत आहेत. या इमारतीत लिफ्ट बसवायची असेल तर माझ्यानंतर बसवा. मला इथे घरी आल्यावरही काम नको."

बुटके, बारीक, हाताची नखं कायम काळी. बोलणं कमी. तरी त्यांच्या बोलण्याला मोठा मान होता, कारण अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी बाहेरून बोलावं तर त्यांनीच. कंपनीतली पोरं दार उघडायला धडपडायची, आणि मामा फटीला तोंड लावून आतल्या बाईला विचारत बसायचे, आज बाजारातून काय काय घेतलंत. अर्ध्या तासाने ती बाई बाहेर यायची तेव्हा रडत नसायची, भेंडी महाग झाल्याची तक्रार करत असायची.

घरात मात्र सगळं बोलणं मामींचं. मामी शिवणकाम करायच्या. नवं काही नाही, उसवलेलं, सैल झालेलं, आखूड करायचं. गल्लीतल्या निम्म्या पँटींची उंची त्यांना तोंडपाठ होती. मशीन चालवताना गाणी म्हणायच्या, तीही अर्धीच, आणि शब्द आठवले नाहीत की स्वतःचे घालायच्या. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. मामांना घरातलं काडीचं काम येत नव्हतं. चहासुद्धा नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी टेबलाशी बसायचे आणि कप समोर येईपर्यंत भिंतीकडे बघायचे.

त्या वर्षी मामींची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचा घोटा मोडला. तिला मामी ताई म्हणायच्या. ताई एकटी राहायची, बसने नऊ तास लांब. मामी आठ दिवसांसाठी गेल्या. जाताना चार दिवसांचं करून ठेवलं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली, 'हे सोमवारी', 'हे आधी संपवा', 'हे गरम केल्याशिवाय खाऊ नका', आणि मला बजावून गेल्या, "बाकीचे चार दिवस तू बघ गं. ते मागायचे नाहीत, तूच विचार."

सहाव्या दिवशी साथीमुळे सगळं बंद झालं. बस, गाड्या, दुकानं, माझी शाळा, सगळंच. आधी म्हणाले काही दिवस. मग आणखी काही आठवडे. मामी तिकडे आणि मामा इकडे.

मी विचारलं. दोन दिवस भात-भाजी नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी मामांनी डबा धुऊन, पुसून परत केला आणि दारातूनच म्हणाले, "एक-दोन दिवस ठीक आहे. रोज नको. तुझ्याकडे दोन पोरं आहेत आणि एक फोन आहे. तू त्यांना शिकव, शाळेच्या पोरांना शिकव. मला शिकवायला माझी बाई आहे."

तिथून मामांची शाळा सुरू झाली. सकाळी फोन गॅलरीच्या कठड्याला टेकवून, आवाज मोठा करून. दारं समोरासमोर असली तरी गॅलऱ्या शेजारी-शेजारी असल्याने अर्धा अभ्यास आमचाही व्हायचा.

"तांदूळ धुतले. आता पाणी किती?"

"तांदळाच्या वर बोटाचं एक पेर."

"कुणाच्या बोटाचं? तुझ्या की माझ्या?"

"अहो, बोट ते बोट."

"असं कसं? तुझं पेर आणि माझं पेर यात फरक पडतो. मिलिमीटरमध्ये सांग."

"मिलिमीटर तुमच्या लिफ्टला. ओता पाणी मुकाट्याने."

पहिला भात करपला, दुसऱ्याची खीर झाली. तिसऱ्या दिवशी मामांनी स्टीलची पट्टी पातेल्यात उभी केली आणि आकडा वहीत लिहिला, बावीस. ती त्यांची कामावरची देखभालीची वही होती, उरलेली पानं कोरी. त्यात त्यांनी बटाट्याची भाजीही लिफ्टसारखीच लिहिली: 'आच मध्यम. तेल. कांदा, रंग बदलेपर्यंत निरीक्षण. बटाटे. झाकण. सात मिनिटांनी तपासणी.' मी ती वही वाचून इतकी हसले की माझा नवरा ऑफिसची ऑनलाइन बैठक अर्धी टाकून बघायला आला.

मामींचं शिकवणं स्वयंपाकावर थांबलं नाही. नवरा एकटा आहे आणि बोलका नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "रोज दाढी करायची. झोपायचे कपडे आणि दिवसाचे कपडे वेगळे. दुपारी आडवं व्हायचं नाही. बातम्या एकदाच, त्याही उभ्याने. बसून ऐकल्या की माणूस उठत नाही." आणि आणखी एक, जे मामा मला नंतर अनेकदा सांगत राहिले: "रोज एक तरी काम असं करा, की संध्याकाळी त्याला हात लावून म्हणता येईल, हे मी आज केलं."

मामांनी ते शब्दशः घेतलं. जिन्याच्या कठड्याचे सैल झालेले गज बसवले. फाटकाची बिजागरी काढून, घासून, तेल देऊन परत लावली. माझ्या धाकट्याची डगमगणारी खुर्ची अशी पक्की केली की पुढे खोली बदलताना ती आम्हाला हलवता हलवेना. पहिल्या महिन्यात आमच्या इमारतीत सगळ्यांत ठणठणीत माणूस कोण असेल तर ते मामा. आम्ही बाकीचे खिडकीशी उभे राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होतो, एकमेकांवर खेकसत होतो, आणि हा माणूस कांदा बारीक चिरायला शिकत होता.

मग ताईला ताप आला.

दोन दिवस मामींनी मामांना सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी ताईला धाप लागली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली, तोंडं दिसत नव्हती. घोटा प्लॅस्टरमध्ये, म्हणून त्यांनी ताईला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं. मामी मागे निघाल्या तर त्यांना दारातच अडवलं. मामींचीही तपासणी झाली, ती नीट आली, तरी चौदा दिवस दारावर आडवी पट्टी आणि वर छापील कागद. खालचा किराणावाला पिशवी दारात ठेवायचा आणि मामी पट्टीखालून हात घालून ती ओढून घ्यायच्या.

ताईला खाली नेताना तिची एक चप्पल पायातून निसटली होती. जिना वळतो तिथे, दारापासून पाच पायऱ्या खाली. दाराच्या भोकातून ती बरोबर समोर दिसायची. निळी, अंगठ्याजवळ झिजलेली.

सहाव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. नाव विचारलं, नातं विचारलं, आणि ताई गेल्याचं सांगितलं. न्यायला कुणी येऊ शकत नाही, सगळं तिकडेच उरकलं जाईल, असंही सांगितलं. बोलणारी मुलगी लहान असावी, तिचाच आवाज कापत होता. मामी तिला म्हणाल्या, "असू दे बाळा, तू पाणी पी." हे मामींनी मामांना सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "ताई गेली. मी भांडी घासून ठेवते." फोन बंद.

मामा त्या दुपारी माझ्या दारात आले. तोंडावर मास्क, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. म्हणाले, "ती रडली नाही."

"धक्का बसला असेल, मामा. रडतील."

"तिला हसायला आणि रडायला कधी वेळ लागत नाही," ते म्हणाले. "हे बरोबर नाही."

बरोबर नव्हतंच. पुढच्या आठवड्यात फोनवरच्या मामी दर दिवशी थोड्या कमी होत गेल्या. आधी प्रश्न संपले. आज काय केलंत, पाणी गरम केलंत का, गच्चीत जाऊन आलात का, यातलं काही विचारेनाशा झाल्या. मग उत्तरं आखूड झाली. जेवलीस का? हो. झोप लागली का? हो. मामा यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस. ते म्हणाले, "तिच्या मागे भांड्याचा आवाज येत नाही. नळाचा येत नाही. ती फोन घेते ना, तेव्हा नुसती बसलेली असते."

दारावरची पट्टी निघायचा दिवस आला, निघाली. दोन दिवसांनी किराणावाल्याने मामांना फोन केला. "काका, परवाची पिशवी तशीच दारात आहे. मी हाका मारल्या. आतून म्हणाल्या, ठेवा. पण दार काही उघडत नाहीत."

मामांनी पांढरा सदरा चढवला, बूट घातले आणि प्रवासाच्या परवान्याच्या कचेरीत गेले. चार किलोमीटर चालत. काचेमागच्या माणसाने कागद बघितला. तो काही वाईट नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "काका, मृत्यू मेहुणीचा झालाय, आणि त्यालाही दहा दिवस झाले. आता कशासाठी जायचंय?"

"माझी बायको तिकडे एकटी आहे. ती जेवत नाही."

"आजारी आहे का? दवाखान्याचा कागद?"

"आजारी नाही."

"मग काय लिहू मी?"

मामा तीनदा गेले. तिसऱ्यांदा काचेला तोंड लावून म्हणाले, "माणूस मेलं की परवाना मिळतो. मरू नये म्हणून मिळत नाही का?" त्या माणसाने मान खाली घातली आणि पुढच्याला बोलावलं. मामा घरी आले आणि जिन्यातच बसले, दुसऱ्या मजल्यावर. मी पाणी नेऊन दिलं. तासाभराने उठून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला गॅलरीतून त्यांचा आवाज आला. सव्वानऊ ही त्यांची कामावर हजर व्हायची वेळ. आवाजही कामावरचाच होता, जो मी तोवर कधी ऐकला नव्हता. सावकाश, मोकळा, घाई नसलेला.

"तुझ्या हाताशी काय आहे आत्ता?"

"काही नाही."

"बसलीयेस कशावर?"

"खुर्चीवर."

"कुठली? लाकडी का प्लॅस्टिकची?"

तिकडे खुर्ची करकरली. मग, "लाकडी."

"हात कसे आहेत तिचे, गोल का चपटे? बघून सांग."

असं वीस मिनिटं. खुर्ची, टेबल, टेबलावरची चष्म्याची डबी, खिडकीचा पडदा. खाण्यापिण्याचा शब्द नाही, ताईचा नाही. शेवटी म्हणाले, "मी आता ठेवतो. दुपारी चारला परत करतो. चारला म्हणजे चारलाच."

मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "आत अडकलेल्याला घाबरू नका म्हणायचं नसतं. तो घाबरलेलाच असतो, वर त्याला वाटतं आपलं चुकतंय. 'झालं, पाच मिनिटांत काढतो' असं तर कधीच सांगायचं नाही. सहावं मिनिट लागलं की त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो. जे नक्की करता येईल तेवढंच बोलायचं, आणि त्याच्या हाताला काहीतरी द्यायचं."

सव्वानऊ आणि चार. एकही दिवस चुकला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मामींना चहाचं पाणी ठेवायला लावलं. इकडे स्वतःही ठेवलं. दोघांची पातेली एकदम उकळली पाहिजेत, अशी अट. मामींचं आधी उकळलं. "माझं अजून नाही," मामा म्हणाले, "तुझा गॅस बरा दिसतोय." तिकडून हसण्यासारखं काही आलं नाही, पण कपात चहा ओतल्याचा आवाज आला. मामांनी मला खुणेने दाखवलं, ओतला. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला.

मग भाजी. मामा मुद्दाम विसरायला लागले. "अगं, आधी कांदा का आधी बटाटे?" "झाकण कधी ठेवायचं?" मामी सांगायच्या, आणि सांगता सांगता स्वतःही करायच्या. असं पाच-सहा दिवस चाललं. एके सकाळी मामांनी विचारलं, "तांदळावर पाणी किती म्हणालीस?"

मग मामींचा आवाज आला, चढलेला. "बावीस मिलिमीटर. तुम्हाला माहीत आहे. वहीत लिहून ठेवलंय तुम्ही. तुम्हाला सगळं येतं आता. मला खुळी समजता का?"

"नाही गं."

"मला लहान पोरीसारखं खेळवू नका! माझी बहीण गेली, आणि मला तिचं तोंड बघू दिलं नाही कुणी. मी दाराच्या भोकातून तिची चप्पल बघत बसलेय महिनाभर, आणि तुम्ही मला बटाटे विचारताय!"

आणि मग त्या रडल्या. आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू येत होतं. मी पोरांना आत नेलं, दार लावून घेतलं. मामांनी फोन ठेवला नाही. दार उघडून बघितलं तेव्हाही ते फोन दोन्ही हातांत धरून कठड्याशी उभे होते आणि गॅसवर त्यांचा भात करपत होता.

त्यानंतर चपलेची गोष्ट मोकळी झाली. मामींना ती आत आणायची होती. पण दार उघडायला हात धजत नव्हता. पट्टी निघून दोन आठवडे झाले होते, रस्त्यावर थोडी माणसंही फिरायला लागली होती, आणि मामी कडीला हात लावला की घामाने भिजायच्या. पिशव्या किराणावाला खिडकीतून दोरीने द्यायला लागला होता.

मामांनी घाई केली नाही. पहिल्या दिवशी दाराजवळ नुसतं उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी कडीला हात. तिसऱ्या दिवशी कडी काढायची आणि परत लावायची. "आज दार उघडायचं नाहीये हं. नुसती काढ आणि लाव." पाचव्या दिवशी बोटभर फट. आणि इथे मामांनी आयुष्यभर पाळलेला आपलाच नियम मोडला. मामींनी विचारलं, "असेल ना हो ती तिथे?" आणि मामा म्हणाले, "असेल की. कुठे जातेय? तिथेच आहे."

आठव्या दिवशी मामींनी दार उघडलं. फोन कानाला होता. पाच पायऱ्या उतरल्या, मामा मोजत होते.

"नाहीये," मामी म्हणाल्या.

"नीट बघ. कोपऱ्यात सरकली असेल."

"जिना झाडलाय. ओला आहे. कुणीतरी टाकून दिली."

दार उघडायच्या धडपडीत आठ दिवस मामींनी भोकातून बघणंच सोडलं होतं, आणि तेवढ्यात सफाईवाला येऊन गेला होता. त्याचा काय दोष? एक झिजलेली चप्पल, तीही एकच. मामी पाच पायऱ्या परत चढल्या, आत आल्या, दार लावलं. "तुम्ही म्हणाला होता, आहे," एवढंच बोलल्या.

पुढचे दिवस गेले. सव्वानऊ, चार. मामी जेवायच्या, आंघोळ करायच्या, सांगितलं तर खिडकी उघडायच्या. रडणं परत आलं नाही, बोलणंही आलं नाही. मामी घरून निघाल्याच्या शहात्तराव्या दिवशी खासगी गाड्यांना मोकळीक मिळाली. मामांनी ओळखीच्या टॅक्सीवाल्याला विनवलं. पुढची आणि मागची सीट यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा, मागे मामा, सोबत दोन डबे आणि पाण्याच्या बाटल्या. पहाटे निघाले, दुपारी पोचले.

दार उघडलं तेव्हा मामी तयार होत्या. बॅग भरलेली, घर झाडलेलं, ताईचा पलंग नीट केलेला. मामा म्हणतात, वजन निम्मं झालं होतं, केस मागे घट्ट बांधलेले, आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" तेवढ्यानेच मामांना भरून आलं. पण उत्तराची वाट न बघता मामी बॅग उचलून जिना उतरायला लागल्या. वळणावर थांबल्या नाहीत. बघितलंसुद्धा नाही.

रात्री उशिरा ती दोघं घरी आली. मी दारातच उभी होते. बावन्न पायऱ्यांना मामींना पाऊण तास लागला. मी "मामी!" म्हटलं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा कुणाही लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात, आणि आत गेल्या.

मामांनी आदल्या रात्रीच सगळी तयारी करून ठेवली होती. मामींच्या मशीनला तेल दिलेलं, पितळी डब्या चकचकीत, फरशी दोनदा पुसलेली. आल्या आल्या त्यांनी भात केला, भाजी केली, लिंबू कापलं, ताट वाढलं. अडीच महिने ज्या क्षणाची वाट बघितली तो हा. नवरा स्वयंपाक करतोय आणि बायको टेबलाशी बसलीय. मामींनी सगळं ताट संपवलं.

"कसं झालंय?" मामांनी विचारलं.

"चांगलं झालंय."

मग मामा स्वतः जेवायला बसले. पहिल्याच घासाला कळलं, भाजीत मीठच नव्हतं. चिमूटभरसुद्धा नाही.

हे मला सांगताना मामा म्हणाले, "भांडली असती तर बरं झालं असतं. ताट भिरकावलं असतं तरी चाललं असतं. तिला मीठ नाही हे कळलं नाही, का कळून बोलली नाही, ते मला अजून माहीत नाही."

त्यानंतरची तीन वर्षं मी समोरच्या दारातून बघितली. मामींना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला मामांनी उशीर केला नाही, लोक काय म्हणतील याची फिकीर केली नाही. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, निरोप न घेता माणूस गेलं की दुःख रेंगाळतं, गोळ्यांनी झोप येईल, भूक लागेल, बाकीचं सावकाश, आणि सगळं परत येईलच असं मी सांगत नाही. झोप आली. भूकही थोडी आली. वर्षभराने मामींनी मशीनवरचं कापड काढलं आणि आलेल्या पँटी आखूड करायला लागल्या. टाके पहिल्यासारखेच सरळ. गाणं मात्र नाही. कपडे घ्यायला आणि द्यायला दारात मामाच येतात, कारण मामी दारापर्यंत येत नाहीत. दर रविवारी मामा त्यांना पहिल्या मजल्यापर्यंत उतरवतात आणि परत वर आणतात. काही रविवारी दुसऱ्यापर्यंतच. बोलतात कधीकधी, तेही ताईबद्दल, पण दोघी लहान होत्या तेव्हाच्या ताईबद्दल. ताई झाडावर कशी चढायची, मास्तरांना कशी उलट बोलायची.

स्वयंपाक, धुणं, बाजार, औषधांच्या वेळा, सगळं मामा करतात. इमारतीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देतात. मीही देत होते.

मागच्या हिवाळ्यात एकदा दुपारी मी शाळेतून परत येत होते आणि मामा तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. शेजारी भाजीची पिशवी. वाटलं दम लागला असेल. मी ओलांडून जाणार, इतक्यात काय मनात आलं कोण जाणे, थांबले आणि विचारलं, "मामा, तुम्ही कसे आहात?"

तीन वर्षं मी त्यांना रोज भेटत होते, आणि रोज विचारत होते, मामी कशा आहेत.

त्यांनी भाजीची पिशवी पायापाशी ओढली. मग म्हणाले, "लिफ्टमधून माणूस बाहेर काढला की तो आपल्या पायांनी घरी जायचा. मी सही घेऊन दुसऱ्या कामाला जायचो. तो घरी जाऊन कसा राहिला, परत लिफ्टमध्ये चढला का नाही, हे मला कधी बघावं लागलं नाही. आता रोज बघतो." मग हळूच म्हणाले, "मी दमलोय गं. आणि तिला सांगता येत नाही. आधी सगळं तिलाच सांगायचो."

आणि ते रडायला लागले. आवाज न करता, कारण दार उघडं होतं आणि आत मशीन चालू होतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. चाळीस मुलांना रोज बोलायला शिकवणारी मी, शेजारच्या माणसाला एवढा एक प्रश्न विचारायला मला तीन वर्षं लागली होती, याची लाज वाटत होती.

आता गुरुवारी दुपारी मामी झोपल्या की ते तासभर आमच्याकडे येतात. मी त्यांना काही करू देत नाही. कप उचलायला गेले तरी काढून घेते. कधी बोलतात, कधी नाही. माझ्या थोरल्याशी पत्ते खेळतात आणि हरतात. पाच वाजत आले की उठतात, दारात चपला घालता घालता म्हणतात, "निघतो. ती उठली असेल." मी दार लोटत नाही. समोरचं दार उघडल्याचा आवाज येतो, मग मामांचा, "उठलीस का? चहा ठेवू?" आणि मामींचं उत्तर, ते कधी ऐकू येतं, कधी नाही.